मासे वाढतात की नुसते जमतात? कृत्रिम भित्तींच्या इतिहासातला टाळलेला प्रश्न

भारतीय नौदलाचे ‘आयएनएस गुलदार’ हे जहाज 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअर येथे निवृत्त झाले. पोलंडमध्ये बांधलेले, 1985 मध्ये नौदलात दाखल झालेले आणि सुमारे 84 मीटर लांबीचे हे जहाज रणगाडे व सैनिक थेट किनाऱ्यावर उतरविण्यासाठी होते. एरवी अशा जहाजाचा शेवट भंगाराच्या धक्क्यावर होतो. गुलदार मात्र महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आले. सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ ते समुद्रतळाशी बसवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम भित्ती निर्माण करण्याची योजना आखली गेली आणि केंद्राने तिच्यासाठी सुमारे 47 कोटी रुपये मंजूर केले. मार्च 2025 मध्ये जहाज कारवारहून विजयदुर्गला आणण्यात आले.

दुसरी बातमी याहून मोठी असूनही कमी वाचली गेली. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली दहा राज्यांत 732 कृत्रिम भित्ती उभारण्याच्या 126 कोटी रुपयांच्या प्रस्तावांना मंजुरी दिल्याचे केंद्र सरकारने 2023 मध्ये सांगितले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या हवाल्याने असेही सांगितले गेले की, योग्य भित्तींमुळे मासळी हाती लागण्याचे प्रमाण दुप्पट-तिप्पट होऊ शकते.

या दोन्ही बातम्यांच्या मुळाशी एकच विधान आहे : समुद्रात टणक वस्तू ठेवली की मासे वाढतात. हे विधान पूर्ण खरे आहे का? ते तपासायचे तर दोन शतके मागे जावे लागेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या आवाजी बेटाजवळ एक जहाज बुडाले. त्या अवशेषांभोवती जाळे टाकले की हजारोंनी मासे मिळतात, हे तेथील कोळ्यांच्या लक्षात आले. सात-आठ वर्षांत लाकूड कुजून अवशेष विखुरले, आणि मासेही नाहीसे झाले. मग त्यांनी लाकडाचे मोठे सांगाडे बांधले, त्यांना बांबू आणि फांद्या जोडल्या, वाळूची पोती लावून ते सुमारे 36 मीटर खोल पाण्यात सोडले. काही महिन्यांत मासे परतले. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनामध्येही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच घडले. खाडीकाठची झाडे शेतीसाठी तोडली गेल्याने पाण्यात उन्मळून पडणारी खोडे नाहीशी झाली, त्यांच्या आश्रयाने राहणारे मासेही दिसेनासे झाले. तेव्हा मासेमारीचा शौक असलेल्या जमीनदारांनी ओंडक्यांच्या चौकटी करून बुडविल्या. तमिळनाडूचे मच्छीमार फांद्या आणि माडाच्या झावळ्या दगड बांधून समुद्रात सोडत आले आहेत. तिन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांची वार्ता नव्हती, तरी निरीक्षण एकच होते. आधी गमावलेले काही परत आणण्याची ती धडपड होती, हेही लक्षात घ्यावे.

मासे तेथे येतात, यात शंका नाही. का येतात, हेही बऱ्यापैकी समजलेले आहे. वाळूच्या किंवा गाळाच्या सपाट तळावर चिकटून राहायला जागा नसते. तेथे दगड, लाकूड, काँक्रीट किंवा लोखंड आले की प्रथम त्यावर जिवाणूंचा पातळ थर बसतो. मग शेवाळ, बार्नेकल, कालवे, शिंपले यांच्या पाण्यात तरंगणाऱ्या अळ्यांना बूड टेकायला जागा मिळते. त्यांच्यामागे खेकडे आणि लहान मासे, आणि त्यांच्यामागे गोब्रा, तांबोशी यांसारखे शिकारी मासे येतात. प्रवाहाच्या आड उभ्या असलेल्या वस्तूमागे पाणी मंदावते, भोवरे तयार होतात, त्यांत अन्नाचे कण रेंगाळतात. माशाला तेथे पोहण्याची शक्ती कमी खर्च करावी लागते. नदीच्या पुलाच्या खांबाआड मासे का थांबतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

अडचण पुढे सुरू होते. समुद्रात ठेवलेली वस्तू तेथेच राहील, असे आपण गृहीत धरतो. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन उत्प्लावन बलाने घटते, आणि किती घटते हे तिच्या घनतेवर अवलंबून असते. एक टन पोलाद समुद्राच्या पाण्यात सुमारे 870 किलोच्या जोराने तळावर टेकते. एक टन काँक्रीट सुमारे 570 किलोच्या. मोटारीच्या टायरचे रबर मात्र समुद्राच्या पाण्यापेक्षा जेमतेम जड असते. दहा किलो रबर पाण्याखाली एक किलोच्या आसपास भरते. आता यात लाटांचा हिशेब मिळवा. दहा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे 156 मीटर असते आणि तिची हालचाल त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. म्हणजे 20-25 मीटर खोलीवरचा तळ पावसाळी उधाणाच्या दृष्टीने सुरक्षित नाहीच. शिवाय समुद्राचे पाणी हवेच्या 800 पटींहून अधिक घन असते, त्यामुळे तेथला मंद वाटणारा प्रवाहही मोठे बल लावतो.

हे गणित न करण्याचा परिणाम फ्लोरिडात पाहायला मिळतो. 1972 पासून फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकण्यात आले. भित्तीही होईल आणि टायरांच्या ढिगाऱ्यांचा प्रश्नही मिटेल, असा दुहेरी लाभ अपेक्षित होता. टायरांचे गठ्ठे पोलादी आणि नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधले होते. पट्ट्या गंजल्या, तुटल्या आणि मोकळे टायर प्रत्येक वादळात तळावर घरंगळत राहिले. सतत हलणाऱ्या पृष्ठभागावर जीव रुजला नाहीच. उलट शेजारच्या नैसर्गिक प्रवाळांना टायर घासले. 2007 पासून लष्करी पाणबुड्यांच्या मदतीने ते बाहेर काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. कृत्रिम भित्तींच्या इतिहासातला सर्वांत ठळक धडा हाच आहे. विल्हेवाट लावण्याची गरज आधी आणि माशांची काळजी नंतर आली की भित्तीचा उकिरडा होतो. समुद्रात कचरा टाकण्याविरुद्धच्या 1972 च्या लंडन कराराने निव्वळ विल्हेवाटीपेक्षा वेगळ्या हेतूने वस्तू ठेवण्याला ‘टाकणे’ मानलेले नाही. ही सवलत रास्त आहे. पण सगळा भार हेतूवर येऊन पडतो, आणि हेतू तपासणे अवघड असते.

समजा, वस्तू भक्कम आहे, स्वच्छ आहे, जागाही योग्य आहे, आणि तेथे मासे भरपूर आहेत. तरीही मूळ प्रश्न उरतो. हे मासे नव्याने वाढले, की आजूबाजूच्या विस्तीर्ण समुद्रातून येऊन एका ठिकाणी जमले? अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स बोनसॅक यांनी 1989 मध्ये हा प्रश्न नेमकेपणाने मांडला, आणि तेव्हापासून ‘उत्पादन की आकर्षण’ हा वाद चालू आहे. व्यवहारात या दोहोंतला फरक फार मोठा आहे. निवाऱ्याची जागा कमी पडत असल्यामुळे पिल्ले मरत असतील, तर नवी भित्ती त्यांना वाचवते आणि मासे खरोखर वाढतात. जागा पुरेशी असून अति मासेमारीमुळे मासे घटले असतील, तर भित्ती फक्त उरलेले विखुरलेले मासे एकत्र आणते. तेव्हा होडीमागे मासळी जास्त लागते, डिझेल वाचते, पहिल्या दोन हंगामांत सर्वजण समाधानी असतात. आणि साठा अधिक वेगाने संपतो. पकड दुप्पट झाली या एका आकड्यावरून यांतले काय घडत आहे ते कळत नाही, कारण दोन्ही परिस्थितींत सुरुवातीला आकडा वाढतोच.

या वादातला एक महत्त्वाचा पुरावा तेलविहिरींच्या मंचांवरून आला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर उभ्या असलेल्या मंचांचा अनेक वर्षे अभ्यास करून 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, तळाच्या प्रति चौरस मीटरमागे तेथे होणारे माशांचे उत्पादन जगातील मोजलेल्या सागरी अधिवासांमध्ये अतिशय वरच्या पातळीचे आहे. मंचाचा पोलादी सांगाडा तळापासून पृष्ठभागापर्यंत उभा असतो, त्यामुळे थोड्या जागेत प्रचंड पृष्ठफळ मिळते आणि प्रत्येक खोलीवर वेगळे जीव राहू शकतात. तेथे मासेमारीही फारशी होत नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते.

असाच एक प्रयोग, कोणी न योजलेला, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर पन्नास वर्षे चालू आहे. ‘सागर सम्राट’ या मंचाने फेब्रुवारी 1974 मध्ये बॉम्बे हाय येथे तेल शोधले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून तेथील गाळाच्या तळावर पोलादी सांगाड्यांचे जंगल उभे आहे. त्यांच्या पायांवर शिंपल्यांचे आणि बार्नेकलचे थर चढतात. अभियंत्यांच्या दृष्टीने तो वाढीव भार असतो, माशांच्या दृष्टीने तो ओटा असतो. मंचांभोवती 500 मीटरचे सुरक्षा क्षेत्र असते आणि त्यात मासेमारीला मनाई आहे. सुरक्षेसाठी आखलेल्या त्या वर्तुळाने नकळत राखीव क्षेत्राचे काम केले. हे मंच वयाने म्हातारे होत आहेत. ते काढून टाकायचे की अमेरिकेच्या मेक्सिको आखातात शेकडो मंचांबाबत झाले तसे त्यांच्या भित्ती करायच्या, हा निर्णय आज ना उद्या घ्यावा लागेल. तेव्हा आपल्याच समुद्रातला अभ्यास आपल्या हाती असावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

मासेमारीवरच्या मर्यादेचा हा धागा धरून केरळकडे वळले, तर भारतीय कृत्रिम भित्तींचा खरा इतिहास दिसू लागतो. तो प्रयोगशाळेत सुरू झाला नाही. 1950 च्या दशकात भारत-नॉर्वे प्रकल्पाबरोबर केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी आली आणि पुढे कोळंबीच्या निर्यातीसाठी ट्रॉलर वाढले. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. दक्षिण केरळचे पारंपरिक मच्छीमार कट्टमरणावरून, गळाने, पाण्याखालच्या खडकांवर मासे धरीत असत. किनाऱ्यावरचे डोंगर, झाडे, चर्चचे मनोरे यांच्या खुणा जुळवून ते अथांग पाण्यात नेमका खडक शोधीत. त्यांचा आणि ट्रॉलरचा संघर्ष 1980 च्या दशकात तीव्र झाला. 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि 1988 पासूनची पावसाळी ट्रॉल-बंदी ही त्याची फलिते. त्याच काळात तिरुवनंतपुरम परिसरातील मच्छीमारांनी सामूहिकपणे विहिरींची काँक्रीटची कडी, दगड, झाडांची खोडे समुद्रात सोडून स्वतःच्या भित्ती घडविल्या. तेथे मासे येत, हे एक झाले. तेथे ट्रॉलरचे जाळे अडकून फाटे, हे दुसरे, आणि मच्छीमारांच्या दृष्टीने तेही तितकेच मोलाचे होते.

कायदा किनाऱ्यापासून अमुक अंतरापर्यंत ट्रॉलरला मनाई करतो; पण पाण्यावर कुंपण घालता येत नाही आणि गस्तीची नौका रोज येत नाही. तळाशी बसलेले काँक्रीट मात्र रात्रंदिवस तेथेच असते. भारतात कृत्रिम भित्ती यशस्वी झाल्या आहेत तेथे त्यांनी पारंपरिक मच्छीमाराच्या हक्काची सीमारेषा आखण्याचे काम केलेले आढळते. अलीकडे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील 42 मच्छीमार गावांसमोर, प्रत्येकी 150 याप्रमाणे 6,300 काँक्रीटचे साचे 12 ते 15 वाव पाण्यात उतरविण्याचा प्रकल्प झाला. त्याची मुळे या लोकप्रयत्नांत आहेत.

महाराष्ट्रात हा विषय वेगळ्या वाटेने आला. आपल्याकडे चर्चा जहाजांची झाली. पहिली ‘विक्रांत’ 1997 मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014-15 मध्ये तोडली गेली. ‘विराट’ 2017 मध्ये निवृत्त झाल्यावर तिला निवती रॉकजवळ संग्रहालयाच्या रूपात उभे करण्याच्या 852 कोटींच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने 1 नोव्हेंबर 2018 रोजी मान्यता दिली. पण ते जुळले नाही आणि सप्टेंबर 2020 मध्ये ती अलंगला पोहोचली. गुलदारची योजना या दोन अपयशांनंतरची आहे, हे समजून घेतले की तिच्याविषयीची आस्था समजते. पर्यटन म्हणून तिला अर्थ आहे. 2006 मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडातील पेन्साकोलापाशी बुडविल्यापासून तेथे पाणबुडे येत आहेत. जुन्या जहाजांतील तेल, रंग आणि विद्युत तारांतील पीसीबीसारखी द्रव्ये हा तेव्हाही वादाचा विषय होता, म्हणून बुडविण्याआधीची सफाई हा खर्चाचा आणि काळजीचा मोठा भाग असतो.

मत्स्यसंवर्धन म्हणून मात्र प्रश्न विचारावेच लागतात. निवती रॉक हा मुळातच खडकाळ, माशांनी गजबजलेला भाग आहे. तेथे नव्या जहाजाभोवती मासे दिसू लागले, तर ते शेजारच्या खडकांवरून आले की नव्याने वाढले, हे कसे ठरवणार? त्यासाठी जहाज बसण्यापूर्वीची मोजणी हवी, बसल्यानंतरची हवी, आणि तितक्याच अंतरावरच्या, जहाज नसलेल्या दुसऱ्या एका जागेची दोन्ही वेळची मोजणी हवी. अशी तुलना नसेल तर दहा वर्षांनी आपल्याकडे सुंदर छायाचित्रे असतील, उत्तर नसेल. शिवाय सिंधुदुर्गातील रापणकार आणि छोटे मच्छीमार वर्षानुवर्षे पर्ससीन आणि वेगवान ट्रॉलरविरुद्ध झगडत आहेत. पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध घातले. अंमलबजावणीची तक्रार संपलेली नाही. त्यांच्या दृष्टीने पोलादाच्या एका जहाजापेक्षा गावागावांसमोरचे काँक्रीटचे अडथळे अधिक उपयोगाचे ठरू शकतात. मुंबईत वरळी कोळीवाड्यासमोर 2024 मध्ये अशा छोट्या साच्यांचा प्रयोग सुरू झाला आहे, त्याकडेही याच नजरेने पाहावे.

गुलदार जेथे आणले गेले त्या विजयदुर्गाजवळ पाण्याखाली एक जुनी दगडी भिंत आहे. शत्रूची गलबते तिच्यावर आपटून फुटावीत म्हणून ती बांधली, असे परंपरेने सांगितले जाते. आणि त्याच किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव लाभलेला आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश आहे. तेथे खरेखुरे प्रवाळ आहेत, हजारो वर्षांत घडलेले, ज्यांना बांधायला एक रुपयाही लागलेला नाही. कृत्रिम भित्तीवर खर्च करणाऱ्या राज्याने नैसर्गिक भित्ती राखण्यावर किती खर्च केला, ही तुलना प्रत्येक अर्थसंकल्पात व्हायला हवी.

भिलाईत राहून हे लिहिण्याला एक कारण आहे. येथून सर्वांत जवळचा समुद्रही चारशे किलोमीटरहून दूर आहे. पण 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटल्यापासून या गावाचे पोलाद समुद्रात जात आले आहे. नव्या ‘विक्रांत’साठी सेलने पुरविलेल्या सुमारे 30,000 टन विशेष पोलादात भिलाईचाही वाटा आहे. समुद्राच्या पाण्यात उघडे पोलाद ढोबळमानाने वर्षाला 0.1 मिलिमीटर गंजते. जहाजाच्या पत्र्याची भित्ती म्हणूनची आयुर्मर्यादा त्यामुळे काही दशकांची असते, चिरंतन नसते. पोलादाबरोबर मळीही निघते. झोतभट्टीची मळी सिमेंटमध्ये खपते. पोलाद शुद्ध करताना निघणारी मळी मात्र तिच्यातील मोकळ्या चुन्यामुळे फुगते आणि पडून राहते. जपानी पोलाद कंपन्यांनी या मळीपासून सागरी ठोकळे बनविले, आणि होक्काइदोच्या ओसाड झालेल्या किनाऱ्यावर समुद्री शैवाल पुन्हा रुजावे म्हणून तिच्यातील लोहाचा उपयोग करून पाहिला. भिलाईच्या मळीवर असे प्रयोग व्हावेत, असे एखाद्या संशोधकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण फ्लोरिडाचे टायर आठवावेत. मळीतला चुना पाण्याचा सामू किती बदलतो, कोणते धातू पाझरतात, याची उत्तरे टाकीत आणि नंतर छोट्या क्षेत्रात मिळाल्याशिवाय एकही ठोकळा समुद्रात जाऊ नये. आपल्याला मळी नको आहे, हे समुद्राला ती हवी असल्याचे कारण होऊ शकत नाही.

तात्पर्य असे की, कृत्रिम भित्ती हे चांगले साधन आहे. ती लाटा मोडते. तुतिकोरीनजवळच्या झिजत चाललेल्या वान बेटासाठी 2015 पासून याच उपयोगाने भित्ती उभारल्या गेल्या. ती ट्रॉलर अडवते. योग्य जागी, योग्य नियमांसह ती मासेही वाढवते. नियम नसतील तर ती मासे फक्त गोळा करून देते, आणि गोळा झालेले मासे ज्याचे जाळे मोठे त्याच्या हाती जातात. म्हणून यापुढे भित्तीची बातमी वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात : आधीची मोजणी झाली होती का, तुलनेची जागा ठरविली आहे का, आणि त्या जागेवर मासे कोणी, कोणत्या साधनाने, कधी धरायचे हे गावाशी बसून ठरले आहे का. हे तीन तपशील बातमीत नसतील, तर समुद्रात किती टन काँक्रीट गेले हा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून माशांविषयी काहीच सिद्ध होत नाही.